ब्लेझ पास्काल आणि नशिबाचे चाक

'रूलेट' हा शब्द आपल्या कानावरून गेला असेल. फ्रेंच भाषेत त्याचा अर्थ लहान चाक. कॅसिनो नावाच्या जुगारघरात हिरवे कापड अंथरलेल्या मेजाच्या टोकाला हे चाक बसविलेले असते. त्याच्या कडेने ० ते ३६ असे ३७ खाने असतात. शून्याचा खाना हिरवा, उरलेल्यांपैकी १८ लाल आणि १८ काळे. चाक एका दिशेने फिरवितात, उलट दिशेने एक छोटी गोळी सोडतात, आणि ती कोणत्या खान्यात विसावेल यावर लोक पैसे लावतात. मोनॅकोमधील माँटे कार्लो हे ठिकाण या खेळामुळे जगभर गाजले. दूर कशाला, आपल्या शेजारी पणजीला मांडवी नदीत नांगरलेल्या जहाजांवरही हे चाक फिरते.

हे चाक सतराव्या शतकातील फ्रेंच गणिती ब्लेझ पास्काल याने शोधून काढले, असे पुष्कळ ठिकाणी छापलेले आढळते. त्याला भक्कम पुरावा नाही. परंतु चाक कोणीही बनविलेले असो, अशा खेळापुढे जो माणूस बसून राहतो त्याचे शेवटी काय होते, हा प्रश्न गणिताच्या भाषेत मांडण्याचा मान पास्कालकडे जातो. अवघे ३९ वर्षांचे आयुष्य, त्यातही निम्मे दुखण्यात गेलेले. अशा या माणसाची हकीगत आणि त्याच्या गणिताचे सार आज आपल्यापुढे ठेवावयाचे आहे.

पास्कालचा जन्म १९ जून १६२३ रोजी मध्य फ्रान्समधील क्लेरमाँ या गावी झाला. तो तीन वर्षांचा असताना आई वारली. मोठी बहीण जिल्बेर्त, धाकटी जाक्लिन आणि मधला ब्लेझ अशा तीन लेकरांचा सांभाळ वडिलांनी केला. वडील एत्येन पास्काल हे सरकारी अधिकारी आणि स्वतः गणिताचे जाणकार. मुलांच्या शिक्षणासाठी ते १६३१ साली पॅरिसला येऊन राहिले. मुलाला त्यांनी शाळेत घातले नाही, घरीच शिकविले. प्रथम भाषा पक्क्या व्हाव्यात म्हणून पंधरा वर्षांपर्यंत त्याला गणित शिकवायचेच नाही, असे त्यांनी ठरविले आणि गणिताची पुस्तके कुलपात ठेवली.

ज्या गोष्टीला मनाई, तिकडेच मुलाचे मन ओढ घेते, हे आपण सारेच जाणतो. बहिणीने लिहिलेल्या चरित्रात अशी हकीगत आहे की, बारा वर्षांचा ब्लेझ जमिनीवर कोळशाने आकृत्या काढीत बसे. रेषा आणि वर्तुळ यांची नावेही त्याला ठाऊक नव्हती. त्याने स्वतःच त्यांना नावे दिली होती. एके दिवशी वडील पाठीमागे येऊन उभे राहिले, तेव्हा मुलगा त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज दोन काटकोनांएवढी होते, या सिद्धांतापर्यंत येऊन ठेपला होता. वडिलांचे डोळे भरून आले. त्या दिवसापासून मनाई उठली आणि युक्लिडचा ग्रंथ मुलाच्या हाती आला. सोळाव्या वर्षी पास्कालने शंकुच्छेदांवर निबंध लिहिला.

पुढे वडिलांची नेमणूक रुआं शहरी करवसुलीच्या कामावर झाली. रात्री उशिरापर्यंत आकड्यांच्या बेरजा करणारे वडील मुलाला पाहवेनात. १६४२ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्याने बेरीज-वजाबाकी करणारे यंत्र बनवावयास घेतले. अंकांची चाके, एका चाकाचा फेरा पुरा झाला की शेजारचे चाक एका घराने पुढे सरकायचे, म्हणजे आपला 'हातचा' आपोआप जायचा. त्याचे सुमारे पन्नास नमुने त्याने करून पाहिले, तेव्हा कोठे मनाजोगते यंत्र तयार झाले. यानंतर तो हवेच्या दाबाकडे वळला. उंच ठिकाणी हवेचा दाब कमी भरला पाहिजे, असा त्याचा तर्क होता. १९ सप्टेंबर १६४८ रोजी त्याच्या मेहुण्याने प्वी द दोम या डोंगरावर पाऱ्याची नळी नेऊन प्रयोग केला आणि तर्क खरा ठरला. आज हवामानाच्या बातमीत दाब हेक्टोपास्कलमध्ये सांगतात. ते नाव याच माणसाचे.

अतिश्रमाने प्रकृती मात्र ढासळली. १६५१ साली वडील वारले. दुसऱ्या वर्षी लाडकी बहीण जाक्लिन मठात गेली. एकटा पडलेला पास्काल पॅरिसच्या उमराव मंडळीत ऊठबस करू लागला. तेथे जुगार हा रोजचाच विरंगुळा होता. या मंडळीत शेवालिए द मेरे नावाचा एक गृहस्थ होता. लेखक होता, बोलण्यात चतुर होता आणि फाशांच्या खेळाचा बारकाईने विचार करणारा होता. त्याने पास्कालपुढे दोन प्रश्न टाकले.

पहिला प्रश्न असा. एक फासा चार वेळा टाकला तर निदान एकदा सहा पडेल, या पैजेत पैज लावणाराचा फायदा होतो. मग दोन फासे चोवीस वेळा टाकले तर निदान एकदा सहा-सहाची जोडी पडेल, या पैजेतही तितकाच फायदा का होऊ नये? एका फाशाला सहा बाजू, दोन फाशांची छत्तीस रूपे. सहाला चार, तर छत्तीसाला चोवीस. त्रैराशिक तर बरोबर दिसते. पण येथे त्रैराशिक चालत नाही. एका फाशाचे चार डाव १२९६ रीतींनी पडू शकतात. त्यांपैकी ६२५ रीतींत सहा एकदाही येत नाही, म्हणजे ६७१ रीतींत येतो. फायदा थोडाच, पण आहे. दोन फाशांच्या चोवीस डावांत मात्र जिंकण्याची शक्यता १०० पैकी ४९ हून किंचित अधिक, म्हणजे निम्म्याहून कमी भरते. एक पैज हळूहळू पैसा देते, दुसरी हळूहळू पैसा नेते, आणि वरवर पाहता दोन्ही सारख्याच वाटतात.

दुसरा प्रश्न अधिक खोल होता. समजा, दोघांनी प्रत्येकी ३२ सोन्याची नाणी पणास लावली. जो प्रथम तीन डाव जिंकेल त्याने सारी ६४ नाणी घ्यावीत असे ठरले. पहिल्याने दोन डाव जिंकले, दुसऱ्याने एक, आणि काही कारणाने खेळ तेथेच मोडला. नाणी कशी वाटावीत? इटलीतील लुका पाचोली याने १४९४ सालच्या आपल्या ग्रंथात अशा प्रसंगी जिंकलेल्या डावांच्या प्रमाणात वाटणी सांगितली होती. पास्कालने मागे झालेल्या डावांकडे न पाहता पुढच्या डावाकडे पाहिले. पुढचा डाव पहिल्याने जिंकला तर त्याला ६४ मिळतील. हरला तर दोघांची बरोबरी होऊन त्याला ३२ मिळतील. म्हणजे ३२ नाणी काही झाले तरी त्याचीच. उरलेल्या ३२ वर दोघांचा हक्क सारखा, म्हणून त्यांतील निम्मी १६ त्याची. एकूण त्याला ४८, दुसऱ्याला १६.

वाचकहो, ही वाटणी दिसायला साधी आहे, पण तिने एक नवे शास्त्र सुरू केले. जे अजून घडलेलेच नाही त्याची आजची किंमत काढता येते, हा तो विचार. तूलूज येथे न्यायाधिकारी असलेला थोर गणिती फेर्मा याच्याशी पास्कालने १६५४ साली या प्रश्नावर पत्रव्यवहार केला. दोघांच्या रीती निराळ्या, उत्तर मात्र एकच. या पत्रांतून संभाव्यतेच्या गणिताचा पाया घातला गेला. विमा, साथीच्या रोगांचा अंदाज, औषधांची परीक्षा, सर्व काही पुढे याच पायावर उभे राहिले.

याच वर्षी पास्कालने अंकांच्या एका त्रिकोणावर ग्रंथ लिहिला. वरच्या दोन शेजारच्या अंकांची बेरीज खाली मांडीत जायचे, की हा त्रिकोण तयार होतो. युरोपात त्याला पास्कालचा त्रिकोण म्हणतात. पण सहाशे वर्षे आधी बगदादच्या अल्-कराजीला आणि पुढे इराणच्या उमर खय्यामला तो परिचित होता. इराणात आजही त्याला खय्यामचा त्रिकोण म्हणतात. आपल्याकडे दहाव्या शतकात हलायुधाने पिंगलाच्या छंदःशास्त्रावरील टीकेत तोच मेरुप्रस्तार म्हणून सांगितला आहे. चीनमध्येही तो होता. विद्या एका देशाची वा एका समाजाची मिरास नसते, हे येथे सहज दिसून येते.

आता पास्कालच्या या मोजमापाने आपले चाक मोजून पाहू. एका आकड्यावर १ रुपया लावला आणि तो आकडा आला, तर जुगारघर ३५ रुपये देते व लावलेला रुपया परत करते. हाती ३६ येतात. पण खाने ३७ आहेत. सर्व ३७ खान्यांवर एकेक रुपया लावून पाहा. ३७ रुपये गेले, ३६ आले. कोणताही आकडा येवो, एक रुपया घरधन्याचा. लाल-काळ्यावर लावा, सम-विषमावर लावा, नेहमीच्या नियमांनी हिशेब हाच राहतो, कारण ३७ पैकी १८ च खाने आपले असतात, १९ विरुद्ध. लावलेल्या दर शंभर रुपयांमागे सरासरी २ रुपये ७० पैसे घरधनी ठेवून घेतो. काही चाकांना दोन शून्ये असतात. तेथे हाच आकडा ५ रुपये २६ पैशांवर जातो. यात लबाडी नाही, चाकात खोट नाही. सारी करामत त्या एका हिरव्या खान्याची.

आपण म्हणाल, शंभराला पावणेतीन रुपये म्हणजे काही फार नाही. दुकानदार याहून जास्त नफा घेतो. येथेच पास्कालचा पुढचा प्रश्न कामी येतो. पण त्याआधी त्याच्या आयुष्यात एक मोठे वळण आले, ते सांगितले पाहिजे.

२३ नोव्हेंबर १६५४ च्या रात्री सुमारे दोन तास त्याला ईश्वराच्या सान्निध्याचा विलक्षण अनुभव आला. तो त्याने एका कागदावर टिपला आणि कोटाच्या अस्तरात शिवून टाकला. तो कागद कोणाला ठाऊकही नव्हता. त्याच्या मृत्यूनंतर नोकराच्या हाती लागला. त्या रात्रीनंतर उमराव मंडळींतील ऊठबस सुटली. पास्काल धर्मचिंतनात आणि लेखनात रमला. पण गणित अगदीच सुटले नाही. १६५६ साली त्याने फेर्माला एक नवे कोडे घातले.

दोन खेळाडू तीन फाशांनी खेळतात. प्रत्येकाजवळ १२ सोंगट्या. फाशांची बेरीज ११ आली तर पहिल्याला दुसऱ्याकडून एक सोंगटी मिळते. १४ आली तर दुसऱ्याला पहिल्याकडून. ज्याच्या सर्व सोंगट्या जातील तो बुडाला. तीन फाशांवर ११ ही बेरीज २७ रीतींनी येते आणि १४ ही १५ रीतींनी. म्हणजे दर वेळी पहिल्याची बाजू ९ ला ५ इतकी सरस. मग शेवटी दुसऱ्याला लुटून नेण्याची त्याची शक्यता किती? सर्वसाधारण माणूस म्हणेल, फार तर दुप्पट-तिप्पट. उत्तर आहे सुमारे ११५७ ला १. हॉलंडच्या हायगेन्झने १६५७ साली या विषयावर जे पुस्तक छापले, त्याच्या अखेरीस हे कोडे दिले आहे. आज गणितात याला जुगाऱ्याच्या सर्वनाशाचा प्रश्न म्हणतात.

याचे मर्म असे की, लहानसा कल पुन्हा पुन्हा वापरला की तो बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढतो. ९ ला ५ हे प्रमाण बारा वेळा स्वतःने गुणले की ११५७ होते. हीच रीत चाकाला लावा. तेथे १९ ला १८ असा अगदी किरकोळ कल आहे. एक माणूस १०० रुपये घेऊन बसला. दर खेपेस १ रुपया लाल रंगावर लावायचा आणि २०० झाले की उठायचे, असा त्याचा निश्चय आहे. खेळ सरळ असता, म्हणजे शून्याचा खाना नसता, तर त्याचे २०० होण्याची शक्यता निम्मी होती. शून्याच्या त्या एका खान्यामुळे ती २२४ पैकी सुमारे १ इतकी उरते. उरलेले २२३ रिकाम्या हाताने घरी जातात. घरधन्याला नशीब लागत नाही. त्याला फक्त आपण बसून राहावयास हवे असतो. म्हणूनच तेथे दिवे झगमगतात, खाणे-पिणे जागेवर येते आणि कोणी उठ म्हणत नाही.

काहींना वाटते, दरवेळी हरलेला पण दुप्पट केला तर आज ना उद्या सर्व वसूल होईल. ही युक्ती फार जुनी आहे. पाहा, १० रुपयांनी सुरुवात केली. मग २०, ४०, ८०, १६०, ३२०, ६४०. कोठेही जिंकले तरी पदरात १० रुपयेच पडतात. ओळीने सात वेळा हरले तर १२७० रुपये गेले आणि पुढच्या डावाला १२८० हवेत. खिसा संपतो, नाहीतर मेजावरची पणाची कमाल मर्यादा आडवी येते. ओळीने सात हरण्याचा प्रसंग सुमारे १०६ फेऱ्यांत एकदा येतो. १०५ फेऱ्यांत १०५० मिळविले आणि एका फेरीत १२७० घालविले, असा हा धंदा. त्या १०५ फेऱ्यांत माणूस आपल्या हुशारीची गोष्ट दहाजणांना सांगतो. एका फेरीची गोष्ट तो घरीही सांगत नाही.

दुसरा भ्रम असा की, सहा वेळा काळा आला, आता लाल यायलाच हवा. चाकाला स्मरणशक्ती नसते. मागच्या सहा खेपा गोळीला ठाऊक नसतात. सातव्या खेपेसही ३७ पैकी १८ च खाने लाल असतात, एकही अधिक नाही.

चाकाचा शोध पास्कालच्या नावावर का चढला असावा, याचा उलगडा १६५८ सालच्या एका घटनेतून होतो. बैलगाडीच्या चाकाच्या धावेवर एक खूण करा आणि गाडी चालू द्या. ती खूण हवेत कमानीसारखी जी वक्ररेषा काढीत जाते, तिला मराठीत चक्रज आणि त्या काळच्या फ्रेंचमध्ये रूलेट म्हणत. दाढदुखीने झोप येईना म्हणून पास्काल या रेषेचा विचार करू लागला आणि ठणका थांबला, असे सांगतात. त्याने टोपणनावाने गणित्यांसाठी स्पर्धा लावली आणि रूलेटचा इतिहासही लिहिला. ती रूलेट कागदावरची, ही मेजावरची. दोहोंचे नाव एक असल्याने पुढे गोंधळ झाला असणे शक्य आहे.

ईश्वरावर श्रद्धा ठेवावी की नाही, यासंबंधीही पास्कालने लाभ आणि हानी यांचे माप लावून विचार मांडला. त्याच्या टिपणांचा संग्रह मृत्यूनंतर १६७० साली 'पांसे' या नावाने निघाला आणि आजही वाचला जातो. ज्याने जुगारातून गणित काढले, त्याने ते गणित जुगाराकडे परत नेले नाही.

अखेरच्या दिवसांत त्याने आणखी एक काम केले. ठरलेल्या मार्गावर, ठरलेल्या भाड्यात बसता येईल अशा घोडागाड्या पॅरिसमध्ये सुरू करण्याची योजना त्याने मित्रांच्या साहाय्याने पार पाडली. १८ मार्च १६६२ रोजी पहिल्या मार्गावर गाड्या धावू लागल्या. भाडे पाच सू. आपण आज ज्या एस्.टी.ने आणि बसने हिंडतो तिची ही पूर्वज म्हणावी. त्यातून येणारे उत्पन्न गोरगरिबांना द्यावे, अशी त्याची इच्छा होती. स्वतःच्या घरात त्याने एक गरीब कुटुंब आसऱ्याला ठेवले होते. त्यातील मुलाला देवी आल्या. आजारी मुलाला बाहेर काढणे त्याला पटले नाही. तो स्वतःच, अंगात त्राण नसताना, थोरल्या बहिणीच्या घरी राहावयास गेला. तेथेच १९ ऑगस्ट १६६२ रोजी त्याचा अंत झाला.

वाचकमित्रहो, आता हे चाक पाहण्यासाठी जहाजावर जावे लागत नाही. ते हातातल्या मोबाईलच्या पडद्यावर फिरते आणि ज्याला मिसरूड फुटलेले नाही त्या मुलाच्या हातीही येते. त्याला केवळ जुगार वाईट असे सांगून भागत नाही; वाईट म्हटलेल्या गोष्टीकडेच मन ओढ घेते, हे आपण बाल पास्कालच्या हकीगतीत पाहिलेच. त्याच्यापुढे कागद ठेवावा आणि ३७ खाने मांडून दाखवावेत. ३७ गेले, ३६ आले, हे त्याने स्वतःच्या हाताने मोजावे. मग १०० रुपयांचे २०० करावयास निघालेल्या २२४ जणांची गोष्ट सांगावी आणि त्यांपैकी घरी हसत परतणारा एकच, तो आपणच असू असे प्रत्येकाला का वाटते, हे त्यालाच विचारावे. त्यासाठी मोठी विद्वत्ता लागत नाही. सातवीपर्यंतचे अपूर्णांक आणि शेकडेवारी पुरे. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या एका आजारी माणसाने हा हिशेब मांडून ठेवला आहे. आपण फक्त तो वेळेवर वाचावयाचा आहे.